पाठ टेकायची कुस्ती आणि न टेकायची कुस्ती

कोल्हापुरात टीव्हीवरच्या रेसलिंगचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं येतं: "ती नाटकी कुस्ती, सगळं आधी ठरलेलं असतंय." म्हणणारा बहुधा साठी ओलांडलेला. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खुल्या केलेल्या खासबाग मैदानात बसून त्यानं खरी कुस्ती पाहिलेली असते. श्रीपती खंचनाळे, गणपतराव आंदळकर, मारुती माने, दादू चौगुले, हरिश्चंद्र बिराजदार ही नावं त्याच्या बोलण्यात रोजची. आणि निमूट ऐकून घेणारा असतो केबलच्या जमान्यात वाढलेला. त्याच्या दप्तरात मल्लांची ट्रम्प कार्डं होती, त्या रेसलिंगच्या अमेरिकी कंपनीला तो अजून 'डब्ल्यूडब्ल्यूएफ'च म्हणतो (नाव २००२ मध्येच 'डब्ल्यूडब्ल्यूई' झालं, तरीही), आणि तिथल्या अंडरटेकर नावाच्या मल्लाची घंटा वाजली की त्याच्या अंगावर आजही काटा येतो.

मी या दुसऱ्या गटातला. त्यामुळे हा लेख तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

निकाल ठरलेला असतो, यात वादच नाही. हे सगळं करमणुकीसाठी असतं, खेळाची स्पर्धा म्हणून नव्हे, असं कंपनीच्या लोकांनी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे स्वतःच सांगून टाकलं. खेळांवरची सरकारी देखरेख आणि कर टाळायचा होता. पण कोण जिंकणार हे ठरलं म्हणजे कुणाला लागणार नाही हेही ठरलं, असा आपण जो अर्थ काढतो, तिथं गफलत आहे. उलट काही बाबतींत तिकडच्या शरीराची मोडतोड आपल्या पैलवानापेक्षा जास्त होते. का, ते समजायला फार मोठं शास्त्र लागत नाही. तालमीत पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट आठवली तरी पुरे.

आपल्याकडं पाठ टेकली की कुस्ती संपली. दोन्ही खांदे मातीला लागले, पंचानं हात वर केला, हलगी कडाडली, विषय संपला. पैलवान आयुष्यभर एकच शिकतो: पाठ लागू द्यायची नाही. खाली गेला तर पालथा पडेल, हौद्यात, म्हणजे तालमीतल्या मातीच्या आखाड्यात, मुंडी खुपसून तासभर मातीला चिकटून राहील, पण उताणा होणार नाही. तिकडं नेमकं उलटं. तिथला मल्ल पहिले कित्येक महिने फक्त पाठीवर पडायला शिकतो. त्या पडण्याला तिकडं 'बम्प' म्हणतात. एका लढतीत असे दहा-वीस बम्प सहज होतात. आपला मोठा पैलवान मैदानात एवढ्या वेळा चितपट व्हायला आख्खी कारकीर्द लागेल, आणि तेवढा झाला तर त्याला मैदानात कोणी जोड लावणार नाही.

बम्प घेण्याची पद्धत अशी: हनुवटी छातीला घट्ट लावायची, म्हणजे डोक्याची मागची बाजू आपटत नाही. श्वास सोडून द्यायचा. कंबर किंवा कोपर आधी टेकू द्यायचं नाही. पाठीचा वरचा रुंद भाग आणि दोन्ही तळहात एकाच क्षणी जमिनीवर आले पाहिजेत. दणका जेवढ्या मोठ्या जागेवर पसरेल तेवढा एकेका हाडाच्या वाट्याला कमी येतो, आणि तो जेवढा जास्त वेळ घेऊन थांबेल तेवढा सौम्य लागतो. पहिली गोष्ट मल्लाच्या हातात असते. दुसरी रिंगच्या हातात.

आता रिंग म्हणजे काय? वीस फूट बाय वीस फुटांची लोखंडी चौकट, तिच्यावर लाकडी फळ्या, वर फोमचा पातळ थर आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. मधोमध फळ्या थोड्या लवतात, कडेला फारशा नाहीत. शेजारी आपला हौदा ठेवून बघा. पैलवान पोरं रोज फावड्यानं माती उकरतात, तिच्यात ताक, हळद, लिंबू, तेल पडतं, ती भुसभुशीत ठेवावी लागते. नव्या पोराला वस्ताद आधी माती उकरायला का लावतात, याची उत्तरं तालमीगणिक वेगळी मिळतील. दंड-खांदे तयार होतात, शिस्त लागते, हे खरंच. पण उकरलेल्या मातीत पडणारं अंग दणका जास्त वेळ घेऊन थांबतं, हाही फायदा कमी नाही. पावसाळ्यात घट्ट बसलेल्या मातीत लढून बघितलेल्यांना हे सांगावं लागत नाही.

मग नीट पडायला येत असेल तर बिघडतं कुठं? मोजणीत. एका बम्पनं काही होत नाही. पण नव्वदीच्या दशकात बडे मल्ल वर्षातले दोनशेहून जास्त दिवस रस्त्यावर असायचे. आज या गावी, उद्या त्या गावी, मधला प्रवास बहुतेक वेळा स्वतः गाडी चालवत. हल्क होगनचा लेग ड्रॉप आठवतो? दोरीला आदळून यायचं, उडी घ्यायची, पाय समोरच्याच्या छातीवर आणि स्वतःचं बूड थेट जमिनीवर. समोरच्याला फारसं लागायचं नाही. शंभर किलोंच्या पुढच्या होगनच्या माकडहाडाला आणि मणक्यांना मात्र रोज रात्री तो झटका बसायचा. पुढं त्याची पाठ पुन्हा पुन्हा उघडावी लागली, गुडघे आणि खुबे बदलावे लागले, आणि त्याचं मूळ त्यानं स्वतः त्याच डावात सांगितलं. २०२५ च्या जुलैमध्ये तो ७१ व्या वर्षी गेला.

आपल्याकडं मैदानांना हंगाम असतो. दिवाळीनंतर जत्रा-उरूस सुरू होतात, चैत्र-वैशाखात जोर असतो, आणि पाऊस लागला की उघड्यावरच्या कुस्त्या थांबतात. मेहनत चालूच राहते, पण अंगाला उसंत मिळते. तिकडं हंगामच नाही. आठवड्याचा टीव्ही बारा महिने चालतो. दुखावलेला गुडघा भरून यायला तीन महिने लागत असतील तर ते तीन महिने कमाई बुडते आणि जागा दुसरा घेतो. त्यात कंपनीच्या लेखी हे मल्ल नोकरदार नाहीतच, स्वतंत्र कंत्राटदार आहेत.

मेंदूचा भाग मात्र जरा सावकाश समजून घ्यायला हवा, कारण तो बाहेरून दिसत नाही.

पहाटे मोटारसायकलला दुधाचे कॅन अडकवून येणारा गवळी पाहिला असेल. त्यानं कचकन ब्रेक मारला की गाडी थांबते, कॅन थांबतो, पण आतलं दूध पुढं जाऊन आदळतं. मेंदूही कवटीत असाच पाण्यात असतो. डोकं थांबलं तरी तो आत हलत राहतो. हनुवटी छातीला लावून डोकं वाचवलं, जमिनीला केसही लागला नाही, तरी हा आतला हेलकावा चुकत नाही. डोकं गर्रकन वळलं तर जास्त वाईट, कारण मग मेंदूतले लांब, नाजूक तंतू पिळले आणि ताणले जातात. काही वेळ सगळं धूसर होतं, आठवण तुटते, उजेड सहन होत नाही. याला कन्कशन म्हणतात. बेशुद्ध पडलाच पाहिजे असं मुळीच नाही, आणि नेहमीच्या स्कॅनमध्ये बऱ्याचदा काही दिसतही नाही. तंतू सावरायला दिवस, कधी आठवडे लागतात, आणि त्या काळात दुसरा मार बसला तर तो पहिल्यापेक्षा कितीतरी महाग पडतो.

६ एप्रिल २०१४ ची रेसलमेनिया घ्या, म्हणजे कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम. आपल्याकडं सोमवारची सकाळ होती. अंडरटेकर तिथं सलग २१ लढती जिंकून आला होता आणि ब्रॉक लेस्नरनं त्याला हरवलं. माझ्या ओळखीतली शहाणीसुरती माणसं त्या दिवशी घरात सुतक असल्यागत वावरत होती. निकाल आधीच ठरलेला होता, हे त्यांनाही माहीत होतं. पण त्याच लढतीत अंडरटेकरला खरंखुरं कन्कशन झालं आणि नंतर त्याला रुग्णालयात न्यावं लागलं, हे ठरलेलं नव्हतं. त्यानं पुढं सांगितलं की त्याला तो दिवसच आठवत नाही. आम्हाला तो हरल्याचा क्षण अजून डोळ्यांपुढं दिसतो आणि त्याच्याकडं तो नाहीच.

मिक फोली याहून वाईट अवस्थेत लढत राहिला. २८ जून १९९८ ला पिट्सबर्गमध्ये त्याला सुमारे सोळा फुटांच्या पिंजऱ्यावरून खाली टेबलावर फेकलं, ते ठरवून. तो पुन्हा वर चढला आणि या खेपेला छताची जाळीच तुटली, तो थेट रिंगमध्ये कोसळला. हे कुणीच ठरवलं नव्हतं. दात तुटून नाकाजवळ अडकला, डोक्याला जबर मार बसला, आणि तरी त्यानं लढत पुरी केली. आम्ही शाळेत त्या प्रसंगाची नक्कल करायचो. बाकावरून उड्या मारताना कुणाची मान मोडली नाही, हे नशीबच म्हणायचं.

असे मार वर्षानुवर्षं बसले तर काहींच्या मेंदूत टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गाठी साचत जातात. या आजाराला सीटीई म्हणतात. विसरभोळेपणा, चिडचिड, नैराश्य, मनावरचा ताबा सुटणं अशी लक्षणं दिसतात, पण खात्रीचं निदान मरणानंतर मेंदू तपासूनच होतं. क्रिस बेन्वाचं नाव इथं टाळता येत नाही. वरच्या दोरीवरून झेप घेऊन डोक्यानं मारायचा डाव ही त्याची ओळख होती. जून २००७ मध्ये त्यानं बायकोला आणि सात वर्षांच्या मुलाला मारलं आणि आत्महत्या केली. वय चाळीस. नंतरच्या तपासणीत त्याच्या मेंदूत सीटीईच्या ठळक खुणा सापडल्या. त्यानं जे केलं त्याचं सगळं उत्तर मेंदूच्या आजारात आहे असं कुणी म्हणू नये. तसं म्हणणं त्या आई-मुलावर अन्याय आहे. पण २०१० पासून कंपनीनं डोक्यात खुर्ची मारणं बंद केलं, त्यामागं हा सगळा इतिहास आहे.

जाता जाता, रक्ताचं. "टोमॅटो सॉस असतोय" हे आपल्याकडचं लाडकं मत. बहुतेक वेळा ते खरं रक्त असायचं. मनगटाच्या पट्टीत ब्लेडचा तुकडा लपवून मल्ल स्वतःच कपाळ चिरायचे. जुन्या मल्लांच्या कपाळावर आडव्या वळ्या दिसतात त्या वयाच्याच असतील असं नाही. आणि खरी दुखापत ओळखायची असेल तर पंचाकडं बघायचं: तो डोक्यावर दोन्ही हातांची फुली करतो, म्हणजे डॉक्टर बोलवा, हे नाटकातलं नाही.

मानेच्या बाबतीत मात्र दोन्हीकडचे मल्ल एकाच रांगेत. मानेच्या मणक्यांना पुढच्या बाजूला फुगलेली हलकी कमान असते. वरून दाब आला की ती थोडी दबते आणि स्नायू, मणके, मधल्या गाद्या तो दाब वाटून घेतात. डोकं जरा पुढं झुकलं की कमान नाहीशी होते, मणके एकाखाली एक सरळ येतात, आणि टाळूवर बसलेला दणका थेट मणक्यांत उतरतो. तेवढ्यात मज्जारज्जू चेंगरला तर हातपाय जागीच बधिर होतात. ३ ऑगस्ट १९९७ ला स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिनचं हेच झालं. ओवेन हार्टनं त्याला उलटं धरून पाइलड्रायव्हर मारला, डोकं मांड्यांच्या खाली बाहेर राहिलं, आणि ऑस्टिन पडल्या जागी हातपाय हलवू शकेना. काही वेळानं त्यानं कसाबसा ओवेनला गुंडाळल्यासारखं केलं, कारण त्या रात्री जिंकायचं त्याला होतं. पुढं मानेवर शस्त्रक्रिया झाली आणि २००३ मध्ये, ऐन भरातल्या नावानिशी, त्यानं नियमित लढणं सोडलं.

आपल्या तालमीत एवढा नाट्यमय प्रकार क्वचित होतो, पण रोजची झीज असते. उभ्यानं चाललेल्या खडाखडीत समोरचा मानेवर हात टाकून सगळं वजन लटकवतो, ब्रिज करून (डोकं आणि पाय टेकवून अंग कमानीसारखं उचलून) मान कमावली जाते, ढाक किंवा धोबीपछाड हे डाव बसताना हात अडकला तर डोकं आधी खाली जातं. पैलवानाची मान जाड दिसते ती दिखाव्याला नव्हे. त्या स्नायूंवरच सगळं तोललेलं असतं. मेहनत सुटली की आधी स्नायू जातात आणि झिजलेले मणके उघडे पडतात. पन्नाशीत हाताला मुंग्या येतात, त्या अशा. दोन्ही जगं बघितलेला कर्ट अँगल १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये १०० किलो गटात मान मोडलेली असताना सुवर्ण जिंकला आणि मग टीव्हीच्या रिंगमध्ये गेला. मानेच्या शस्त्रक्रिया होत राहिल्या आणि वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन लागलं. ते त्यानं स्वतःच उघडपणे सांगितलं आहे.

कानाचं थोडक्यात. मोडलेला कान हा आपल्याकडं मिरवायचा दागिना. कानाच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरच्या पातळ आवरणातून तिला पोषण मिळतं. घासाघाशीत ते आवरण सुटतं, मधे रक्त साचतं, कूर्चा उपाशी मरते आणि तिथं ओबडधोबड गाठ तयार होते. साचलेलं रक्त एक-दोन दिवसांत डॉक्टरकडून काढून पट्टी दाबून बांधली तर कान वाचतो. पण तो वाचवायचा असतो हेच कित्येक पोरांना मान्य नसतं. कान ऐकायला असतो, हा मुद्दा तिथं चालत नाही.

गुडघ्याला मात्र थोडी जागा द्यायला हवी, कारण आपला सगळ्यात मोठा पैलवान तिथंच अडला. खाशाबा जाधव गोळेश्वरचे, पण शिकले इथल्या राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे, १९५२ च्या हेलसिंकीत कांस्य, आणि तिथं जायला पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे कोल्हापुरात लहान पोरालाही माहीत असतं. १९५६ ला मेलबर्नला ते का गेले नाहीत, हे मात्र कमी जणांना. सरावात गुडघा गेला.

लोक म्हणतात बैठका मारून गुडघे जातात. माझं मत वेगळं आहे. नीट मारलेल्या बैठकांनी मांडीचे स्नायू घडतात आणि तेच गुडघ्याला सांभाळतात. गुडघा जातो तो पाय जमिनीत रोवलेला असताना वरचं अंग वळलं की. पट काढताना (समोरच्याचा पाय धरून ओढताना), टांग अडकताना हेच घडतं. सांध्यातली गादी चिरते, आतला लिगामेंट तुटतो. गादीच्या आतल्या भागाला रक्तपुरवठाच नसल्यानं ती आपोआप सांधत नाही. पैलवान आठ दिवस लेप लावतो, सूज उतरली की पुन्हा हौद्यात. ढिल्या गुडघ्यावर दहा वर्षं लढला की चाळिशीतच सांध्याची हाडं एकमेकांवर घासायला लागतात. गंगावेशीच्या बाजूला चहाच्या गाड्यावर एखादा जुना पैलवान येतो तेव्हा बघा: आधी टेबलाला तळहात टेकतो, एक पाय ताठ पुढं सोडतो, मग खाली बसतो. उठताना तेच उलट्या क्रमानं.

हृदयाचा प्रश्न दोन वाटांनी येतो. एक औषधांची. १३ नोव्हेंबर २००५ ला एडी गरेरो हा मल्ल हॉटेलच्या खोलीत बेशुद्ध सापडला आणि तिथंच गेला, वय ३८, हृदयाच्या धमन्या चोंदलेल्या. पुढच्याच वर्षी कंपनीनं औषधतपासणीचा कार्यक्रम सुरू केला. अंग फुगवणाऱ्या स्टेरॉइडनं दंडाबरोबर हृदयाची भिंतही जाड होते, चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, रक्त गोठायची शक्यता वाढते. आपण नाकं मुरडायचं कारण नाही. भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब पडला तर तो वर आणायला मेफेंटरमिन नावाचं इंजेक्शन असतं. ते जिममधली आणि तालमीतली पोरं 'दम टिकतो' म्हणून टोचून घेतात, आणि महाराष्ट्रात त्यावर पोलिसांच्या धाडी पडत असतात. निरोगी पोरानं ते घेऊन जोर-बैठका मारल्या तर आधीच भरधाव असलेलं हृदय बेताल होऊ शकतं.

दुसरी वाट आपली घरची, खुराकाची. लिटरांनी दूध, बदाम-खसखशीची थंडाई, तूप, मटण. रोज पाच-सहा तास मेहनत आहे तोवर हे सगळं जळतं. मेहनत एका दिवसात सुटू शकते, भूक सुटत नाही. पोटाला वर्षानुवर्षांची सवय असते. त्यात गुडघा गेलेला, त्यामुळं चालणंही कमी. वजन, साखर, रक्तदाब एकामागून एक येतात. जुन्या पैलवानांना सरकारी मानधन आहे, ते हवंच. पण कुस्ती सोडताना खुराक कसा उतरवायचा हे वस्तादांनी जोडीनं शिकवायला हवं, जसं पोराला वर चढवताना शिकवलं. सहा महिन्यांत हळूहळू, मेहनत पूर्ण बंद न करता.

तालमीत पोरं असतील त्या घरांसाठी शेवटचं. डोक्याला मार लागून पोरगं गांगरलं, तेच तेच विचारायला लागलं, तर त्या दिवशी पुन्हा लांग चढवून लढायचं नाही, तो कितीही "काय झालं नाय" म्हणाला तरी. उलटी, वाढती डोकेदुखी, झोपेची गुंगी किंवा डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या तर थेट मोठ्या दवाखान्यात. आणि मानेवर पडलेल्या पोराला हातापायाला मुंग्या येत असतील तर काखेत हात घालून उभं करायचं नाही, पाणी पाजायलाही उचलायचं नाही. हौद्यातच, आहे तसं, डोकं धरून ठेवायचं आणि १०८ ला फोन लावायचा.